असू दे, लागेल

मराठी मध्यमवर्गीय घराची खरी तिजोरी माळ्यावर असते. टीव्ही केव्हाच भंगारात गेला, पण त्याचं खोकं वर आहे. मिक्सर बदलला, जुन्याचं भांडं वर आहे. झाकण हरवलेले डबे आणि डबे हरवलेली झाकणं शेजारी शेजारी गुण्यागोविंदाने नांदताहेत. या सगळ्यांना अभय देणारं एकच वाक्य आहे : 'असू दे, लागेल.'

खाली घरातही तोच कारभार. इन्व्हर्टर आहे, तरी मेणबत्त्यांचा पुडा आहे. पाइपचा गॅस आला म्हणून आनंदाने सिलिंडर परत करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. फोनवरून पैसे देता येतात, तरी पाकिटाच्या चोरकप्प्यात पाचशेची एक चौघडी नोट असते आणि तिला हात लावायचा नसतो. एकाच गोष्टीवर पूर्ण भरवसा टाकणं हा आमच्यात उधळेपणा समजला जातो.

या स्वभावाला साजेशी एक गाडी जगात तयार झालेली आहे. तिचं नाव प्लग-इन हायब्रिड.

हिच्या पोटात पेट्रोलचं इंजिन असतं आणि विजेची मोटरही. बॅटरी साधारण दहा ते वीस युनिटांची. रात्री घरी चार्जिंगला लावली की दुसऱ्या दिवशी पन्नास-साठ किलोमीटर निव्वळ विजेवर जाते; म्हणजे ऑफिस, भाजी, शिकवणी आणि सासुरवाडी शहरातच असेल तर तीसुद्धा. बॅटरी संपली की इंजिन कामाला लागतं आणि गाडी पेट्रोलवर थेट गणपतीला कोकणात. रस्त्यात चार्जर मिळेल का, ही धाकधूक नाही, आणि रोज पेट्रोलच्या भावाकडे बघून सुस्कारा सोडणंही नाही. दोन्ही दगडांवर पाय ठेवूनही न पडण्याची ही सोय अभियंत्यांनी केली आहे.

इथे लग्नाच्या पंगतीत हमखास एक जण म्हणतो, "म्हणजे आमच्या साडूंची इनोव्हा, तीच ना?" ती नव्हे. हायक्रॉस किंवा ग्रँड विटारा ही स्ट्राँग हायब्रिड. ती थोडं अंतर विजेवर चालते, पण ती वीज तिची तीच ब्रेकमधून आणि इंजिनातून कमावते. तिला भिंतीतल्या प्लगची ओळखही नाही. त्याखालची माइल्ड हायब्रिड. तिच्यातली छोटी मोटर इंजिनाला नुसता हातभार लावते, गाडी एकटीने ओढत नाही. मात्र मागच्या दारावरची 'हायब्रिड' ही अक्षरं सगळ्यांची सारखीच मोठी असतात.

तर अशी ही आपल्या कुंडलीशी छत्तीस गुण जुळणारी गाडी. अडचण एकच आहे, ती आपल्याला परवडत नाही. २०१६ साली व्होल्व्होची एक्ससी ९० भारतात प्लग-इन रूपात आली, सव्वा कोटीला. २०२२च्या डिसेंबरात बीएमडब्ल्यूची एक्सएम आली, २ कोटी ६० लाखांना. वजन २,७०० किलो. एवढे पैसे गाडीवर घालणारा माणूस पेट्रोल वाचवायला म्हणून रात्री प्लग लावत असेल, हे डोळ्यांसमोर आणायचा मी पुष्कळ प्रयत्न करून पाहिला. ज्यांना काटकसरीची सवय आहे त्यांना ती काटकसर परवडत नाही, आणि ज्यांना परवडते त्यांना तिची गरज नाही.

यात सरकारचाही हात आहे. पूर्ण विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के. मोठ्या हायब्रिडवर आधी उपकरासह ४३ टक्के, आणि सप्टेंबर २०२५पासून ४०. प्लग असो वा नसो, पोटात इंजिन असलं की कर इंजिनाचाच. थोडक्यात सरकारचं म्हणणं असं की एक काय ते ठरवा. सरकारने दुसऱ्या कुणाला तरी असं सुनावावं, हे ऐकायलाही मजा वाटते.

खरं तर या दुहेरी संसाराला सव्वाशे वर्षं होऊन गेली. विसाव्या शतकाच्या तोंडावर फर्डिनांड पोर्शे नावाच्या पंचविशीतल्या पोराने चाकांतच विजेच्या मोटरी बसवलेली गाडी केली, आणि बॅटरी पुरत नाही म्हटल्यावर तिच्यात पेट्रोलचं इंजिन आणि जनरेटर घालून मोकळा झाला. पुढे त्याच्या आडनावाच्या गाड्या कशासाठी प्रसिद्ध झाल्या ते आपण जाणतोच. पण सुरुवात चार्जिंगच्या काळजीपासून झाली होती.

अमेरिकेत तर याहून गंमत. हेन्री फोर्डने सगळ्या देशाला पेट्रोलच्या मॉडेल टीवर बसवलं, आणि त्याची बायको क्लारा स्वतः मात्र डेट्रॉइट इलेक्ट्रिक कंपनीची विजेची गाडी चालवत असे. त्या काळी पेट्रोलची गाडी सुरू करायला समोर उभं राहून लोखंडी हँडल गरगरा फिरवावं लागे, आणि उलटा झटका बसला तर मनगट जाई. विजेची गाडी बटणावर निघे. नवऱ्याच्या कंपनीचा माल घरात न वापरण्याचं याहून सज्जड कारण सापडणार नाही. पुढे १९१२ साली कॅडिलॅक गाड्यांत विजेचा सेल्फ-स्टार्टर आला, हँडल गेलं, आणि त्याबरोबर विजेच्या गाड्यांचं मुख्य आकर्षणही गेलं. विजेच्या गाडीचा काटा विजेच्याच एका लहानशा मोटरने काढला. भाऊबंदकीचं एवढं स्वच्छ उदाहरण आपल्या सातबाऱ्यांतही क्वचित मिळेल.

प्लग-इन हायब्रिड नव्या अवतारात परतली ती २००८ साली चीनमध्ये, बीवायडी कंपनीच्या गाडीतून. दोन वर्षांनी अमेरिकेत शेव्हरले व्होल्ट आली. युरोपने तर तिला डोक्यावर घेतलं. सरकारांनी करसवलती दिल्या, अनुदानं दिली, कंपन्यांनी साहेब लोकांसाठी अशा गाड्या घाऊक घेतल्या. मग २०१८ साली ब्रिटनमध्ये कंपन्यांच्या गाड्यांचा इंधनखर्च तपासणाऱ्या एका सल्लागार संस्थेच्या ध्यानात आलं, की काही गाड्यांच्या डिकीत चार्जिंगची केबल प्लॅस्टिकच्या वेष्टनातच आहे. एकदाही उघडलेली नाही! पाहुण्यांसाठी म्हणून काचेच्या कपाटात ठेवलेल्या डिनर सेटचं जे होतं तेच त्या केबलचं झालं. साहेबांनी सवलत घेतली, पेट्रोलचं बिल कंपनीला लावलं, आणि प्लग लावायला खाली वाकायचा त्रास वाचवला. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने या गाड्यांचं अनुदान बंद केलं. २०२४मध्ये युरोपियन कमिशनने रस्त्यावरच्या गाड्यांची आकडेवारी काढली, तर प्लग-इन हायब्रिड प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या साडेतीनपट कार्बन डायऑक्साइड सोडताना सापडल्या.

गाडीत खोट नव्हती. माणसाला दोन सोयी दिल्या की तो त्यातली सवयीची तेवढी वापरतो आणि दुसरी नुसती वाहून नेतो, हे प्रयोगशाळेत मोजायचं राहून गेलं होतं. आणि इथे गाडीच्या पोटातली ही 'असू दे, लागेल' दोन-तीनशे किलोंच्या घरात भरते. आमचा माळा निदान जागेवर तरी असतो.

मग उरला दुसरा मार्ग. पर्यायी इंजिन गाडीत न घालता रस्त्याच्या कडेला चार्जर उभे करायचे. धीर गाडीत भरण्याऐवजी गावात भरायचा. आपल्याकडे तेच चाललं आहे, आणि जोरात चाललं आहे. शहरात तीन किलोमीटर लांब-रुंद चौकोनात निदान एक चार्जिंग स्टेशन, महामार्गावर दर २५ किलोमीटरला एक, असं केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने २०१८मध्येच लिहून ठेवलं होतं. फेब्रुवारी २०२४मध्ये देशात १२,१४६ सार्वजनिक स्टेशनं होती आणि ३,०७९ घेऊन महाराष्ट्र पहिला होता. त्या वर्षाच्या डिसेंबरात देशाचा आकडा २५ हजारांवर गेला, आपला ३,७२८ झाला, आणि कर्नाटक ५,७६५वर पोचून पहिलं आलं. बंगळूर आपल्या पुढे गेल्याचं दुःख पुणेकरांना नवं नाही. हवा, मग कंपन्या, मग वाहतूककोंडी, आता चार्जर.

माझा मेहुणा दोन वर्षांपासून विजेच्या गाडीत फिरतो. पुणे-मुंबई अंतर दीडशे किलोमीटरचं, त्याची गाडी एका चार्जमध्ये सहज जाते. तरी द्रुतगती मार्गावरचा फूड मॉल आला की तो गाडी आत घेतोच.

"अरे, साठ टक्के आहे की अजून!" मी म्हणतो.

"आहे हो दाजी. पण असू दे. पुढे लागलं तर?"

इंजिन काढून टाकता येतं, स्वभाव काढता येत नाही. पुण्याहून जाताना खरं तर त्याला सृष्टीच मदत करते. खंडाळ्याचा घाट उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटर उलट्या कामाला लागून जनरेटर होते आणि बॅटरी भरू लागते. घाटमाथ्यापेक्षा खोपोलीला टक्के जास्त दिसतात. हा चमत्कार तो प्रत्येक प्रवाशाला स्वतः केल्यासारखा दाखवतो. पण घाटाच्या उतारातून वीज काढायची युक्ती खोपोलीला जुनी आहे. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी खाली सोडून टाटांचं वीजकेंद्र १९१५पासून मुंबईला वीज देतं आहे. येताना मात्र तोच घाट सगळं व्याजासकट वसूल करतो, आणि त्या चढावर मेहुणा प्रवाशांना खिडकीबाहेरचा निसर्ग दाखवतो.

चार्जर सापडणं ही आता मोठी गोष्ट राहिलेली नाही. तो चालू करणं ही आहे. प्रत्येक कंपनीचं ॲप वेगळं, ॲपचं वॉलेट वेगळं, आणि वॉलेटमध्ये आधी पैसे भरायचे. मेहुण्याच्या फोनमध्ये अशी डझनभर ॲपं आहेत, आणि प्रत्येकात साठ-सत्तर रुपये अडकलेले आहेत. महाराष्ट्रात पाणी अडवा, पाणी जिरवा ही योजना जितकी यशस्वी झाली नसेल तितकी ही झाली आहे. चार्जर तळघरात, तळघरात रेंज नाही, आणि रेंज नसेल तर ओटीपी नाही. मग माणूस फोन उंच धरून रॅम्पवरून वर पळतो, ओटीपी घेतो आणि तो तोंडाने घोकत खाली येतो. एकविसाव्या शतकातलं वाहन निघायच्या आधी चालकाचाच व्यायाम होतो.

ॲपवर हिरवा ठिपका म्हणजे चार्जर 'उपलब्ध'. तो उपलब्ध असतोच, चालू असेल असं ॲपने म्हटलेलं नसतं. यावरची ताजी माहिती ॲपकडे नाही, समोरच्या चहावाल्याकडे असते. "दोन नंबरची गन चालते, एक नंबर कालपासून बंद आहे, आणि ते मधलं लाल बटण दाबू नका," हे तो न विचारता सांगतो. त्याने विजेची गाडी जन्मात चालवलेली नाही, पण तालुक्यातल्या चार्जरांचं आरोग्य त्याला तोंडपाठ असतं.

रांगेत एक नवाच समाज जमलेला असतो. पेट्रोल पंपावर कुणी कुणाशी बोलत नाही. तिथे तीन मिनिटांचा कारभार. इथे फास्ट चार्जरवरही पाऊण-एक तास, त्यामुळे ओळखी होतात, गावं निघतात, क्वचित स्थळंही. अनोळखी माणसाला "किती टक्के?" विचारण्याची मुभा महाराष्ट्रात आजवर फक्त दहावीच्या निकालाच्या दिवशी होती, आता ती बारमाही झाली आहे. उत्तरही त्याच सुरात येतं. ऐंशी झालेला माणूस समाधानी दिसतो, पण त्याची बायको विचारते, "शंभर का नाही?"

या शंभरनेच भांडणं होतात. बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत भराभर भरते. पुढे तिला इजा होऊ नये म्हणून गाडीच विजेचा ओघ कमी करत नेते, आणि फास्ट चार्जरवर शेवटचे वीस टक्के भरायला पुष्कळदा आधीच्या पन्नासांइतका वेळ जातो. म्हणून ऐंशीला गन काढून पुढच्याला जागा द्यावी, हा जगभरचा शिष्टाचार. पण पैसे मोजून ताट अर्धवट सोडणं आपल्या संस्कारात नाही. त्र्याण्णव टक्क्यांवर मिसळीचा दुसरा रस्सा मागवणाऱ्या गृहस्थांना मागचा म्हणतो, "साहेब, झालं असेल तर..." गृहस्थ शांतपणे म्हणतात, "सात राहिलेत." एवढ्यात तिसऱ्या जागेत एक डिझेलची गाडी येऊन उभी राहते. तिचा चालक "दोनच मिनिटं" असं बोटांनी सांगत वड्याच्या दिशेने अंतर्धान पावतो. विजेची गाडी, डिझेलची गाडी, रस्सा आणि वडा यांचं एकत्र राहायचं धोरण अजून कुठल्या मंत्रालयाने काढलेलं नाही.

एवढं सगळं होऊनही तज्ज्ञ सांगतात की गाडी मुख्यतः घरी, रात्री, निवांत चार्ज करावी. त्यांचं बरोबर आहे. पंधरा अँपिअरच्या साध्या सॉकेटवर तासाला तीन युनिटं जातात. तीस युनिटांची बॅटरी संध्याकाळी लावली की सकाळी तयार. केंद्राचे नियम सांगतात की घरच्याच वीजजोडणीवर गाडी खुशाल चार्ज करा. फक्त 'घर' म्हणजे बंगला, असं ते लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असावं. आमचं मीटर तळमजल्याच्या मीटररूममध्ये, गाडी तळघरात, आणि या दोघांच्या मध्ये सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा.

आमच्या सोसायटीच्या सभेत चार्जरचा विषय निघाला तेव्हा पहिला प्रश्न आला तो ज्यांच्याकडे गाडीच नाही त्यांच्याकडून : "आम्ही का भरायचं?" भरायचं काहीच नव्हतं, पण प्रश्न विचारून ठेवला, असू दे, लागेल. दुसरा प्रश्न आगीचा. तळघरात आजवर रद्दी, गाद्या आणि कुणाच्या तरी मुंजीचा मांडव सुखाने राहत आहेत. त्यावर कधी चर्चा झाली नव्हती. तिसरा प्रश्न भिंतीला भोक पाडण्याचा. त्यासाठी कमिटीचं पत्र लागणार होतं, आणि पत्राचा मसुदा तयार करायला उपसमिती.

मग खजिनदारांनी मुद्दा काढला की सोसायटीने सामायिक चार्जर बसवून सभासदांकडून पैसे घेतले तर ती वीजविक्री होईल, आणि वीज विकायला परवाना लागतो. यावर वीजमंडळातून निवृत्त झालेले काका उभे राहिले. त्यांनी सांगितलं, की एप्रिल २०१८मध्येच केंद्राने खुलासा केला आहे : गाडी चार्ज करणं ही वीजविक्री नाही, ती सेवा आहे.

"पण आत वीजच जाते ना?" कुणीतरी म्हणालं.

"जाते वीजच. पण ती सेवा म्हणून जाते."

"मग बरं झालं," खजिनदार म्हणाले.

"बरं कसलं? विजेवर जीएसटी नाही. सेवेवर अठरा टक्के."

सभेत बराच वेळ शांतता होती. कायद्याने एवढी सूक्ष्म तत्त्वचर्चा केली असेल याची कुणाला कल्पना नव्हती. पण काकांचं वजन पडलं, लोडचा हिशेब त्यांनी खिशातच आणला होता, आणि रात्री अकरानंतर दोन गाड्या आळीपाळीने लावल्या तर ट्रान्स्फॉर्मरला काही होत नाही हे त्यांनी पटवून दिलं. चार्जर मंजूर होणार असं दिसू लागलं. तेवढ्यात मागच्या रांगेतून खरा पुणेरी प्रश्न आला :

"आणि गुरुवारी?"

गुरुवार म्हणजे दुरुस्तीसाठी वीज जाण्याचा आमच्याकडचा मान्यताप्राप्त वार. सभा पुन्हा हादरली. एखाद्याला नेमकं गुरुवारीच बाहेरगावी जायचं असलं तर? बुधवारी रात्री चार्ज करून ठेवता येईल, हे तिघांनी सुचवलं. पण ज्या गोष्टीला पर्याय नाही ती गोष्ट आमच्या सभेत आजवर मंजूर झालेली नाही. शेवटी सेक्रेटरींनीच तोडगा काढला : लिफ्टसाठी डिझेलचा जनरेटर आहेच, चार्जरची एक लाइन त्यालाही जोडून टाकू.

काकांनी तिथल्या तिथे हिशेब मांडला. लिटरभर डिझेलमधून आपला जनरेटर तीन युनिटं वीज देतो. एका युनिटात गाडी सहा-सात किलोमीटर जाते. म्हणजे लिटरला साधारण वीसचं ॲव्हरेज. हा आकडा किती हास्यास्पद आहे ते दाखवायला ते उभे राहिले होते.

"वीस?" खजिनदार खुर्चीत पुढे सरकून म्हणाले, "माझी डिझेलची गाडी तेरा देते."

ठराव एकमताने मंजूर झाला. दुसरीकडे कोटींत मोजावी लागणारी प्लग-इन हायब्रिड आमच्या सोसायटीने निव्वळ वर्गणीत उभी केली. गाडी एका टोकाला, इंजिन दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये ऐंशी फूट केबल. जगातल्या कुठल्याही कंपनीपेक्षा आमचं इंजिन मोठं आहे आणि त्याला चार लिफ्टही जोडलेल्या आहेत. वाद उरला तो गुरुवारचं डिझेल मेंटेनन्समध्ये धरायचं की सेवेत, एवढाच. आणि त्यासाठी नेमलेल्या उपसमितीत, काही झालं तर हाताशी असावेत म्हणून, दोन जादा सदस्य घेण्यात आले आहेत.